विम्याच्या अर्जातील एक ‘नाही’

आयुर्विम्याचे प्रस्तावपत्र भरताना पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ प्रकृतीविषयीच्या प्रश्नांपुढे एजंटाकरवी सरसकट ‘नाही’ लिहवून घेतात आणि सही ठोकून मोकळे होतात. वस्तुतः सारा करार त्याच रकान्यांवर उभा असतो. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या मिठूलाल नायक खटल्यातील विमेदाराने, पॉलिसीच्या थोडाच काळ आधी रक्तक्षय, पायांवरील सूज आणि धाप यांवर औषधोपचार घेतलेले असूनही, तो मजकूर जाणूनबुजून दडविला होता. सबब त्याच्या पश्चात २५,००० रुपयांचा दावा फेटाळला गेला.

१९३८ च्या विमा कायद्याच्या ४५व्या कलमात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तीन वर्षे लोटल्यावर कंपनीस पॉलिसीविषयी कोणतीही हरकत घेता येत नाही. मात्र बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्यास ही मुदत नव्याने सुरू होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

सर्वाधिक लपवाछपवी होते ती तंबाखूची. सिगारेट न ओढणारा मनुष्य स्वतःस निर्व्यसनी समजतो, आणि मिश्रीस तर आपल्या घरांतून व्यसन म्हणण्याचीच प्रथा नाही; परंतु लघवीच्या तपासणीत कोटिनीन, म्हणजे शरीरात निकोटीनपासून तयार होणारे द्रव्य, आढळले की ते निकोटीन धुरातून आले की मिश्रीतून, याची फारशी चौकशी न करता हप्ता चढ्या दराने आकारला जातो. उलट, आटोक्यातील मधुमेह प्रांजळपणे कळविणाऱ्यास बहुधा काही जादा हप्ता भरून विमा मिळतो, आणि त्याच्या वारसांना पुढे जुने केसपेपर लपवीत बसावे लागत नाही.