आईच्या पायांना विचारायचे प्रश्न

सिंगापूरला आलेल्या आई-वडिलांना चालावं लागतंच. गावी दारात रिक्षा येते. इथे घरापासून एमआरटी स्टेशन, स्टेशनातले लांबलचक बोगदे, मग लिटल इंडियातली गर्दी आणि मुस्तफातले मजले. अशा वेळी बाबा मध्येच थांबून पोटरी चोळतात आणि म्हणतात, "पायात गोळा येतोय." आई म्हणते, "तुम्ही व्हा पुढे, मी बसते जरा इथे."

दोघांना एकच आजार असू शकतो. पण बाबांचं वाक्य डॉक्टरांच्या पुस्तकात छापलेलं आहे, आईचं नाही. त्यामुळे बाबांची तपासणी लवकर होते आणि आईला गुडघ्याचं मलम मिळतं. मी डॉक्टर नाही, पूर्वी शिक्षिका होते. पण आजाराचं निदान प्रश्न विचारण्यापासून सुरू होतं, आणि चुकीचा प्रश्न विचारला की बरोबर उत्तर येत नाही, एवढं वर्गात उभं राहून नक्की शिकले.

आजार काय आहे?

नाव लांबलचक आहे: पेरिफेरल आर्टेरियल डिसीज. सोपं करून सांगायचं तर पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद होणं. क्षारांनी भरत आलेल्या नळासारखंच. बसलेलं असताना पुरेसं रक्त पोचतं. चालायला लागलं की स्नायूंना जास्त रक्त हवं असतं, ते मिळत नाही आणि पोटरी, मांडी किंवा कुल्ला दुखू लागतो. थांबलं की काही मिनिटांत बरं वाटतं, आणि पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा दुखतं. आजार वाढला की रात्री झोपेतही पावलं ठणकतात, पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटतं. जखमा भरत नाहीत, आणि शेवटी बोट किंवा पाय काढण्याची वेळ येते.

शिवाय हे थर फक्त पायात साचत नाहीत. ज्यांच्या पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत, त्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही मोठा असतो. म्हणजे पाय आधीच सूचना देत असतात, ती ऐकायची असते.

हा पुरुषांचा आजार?

पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विडी ओढणारा पुरुष येतो. त्यालाही कारण आहे. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आजार भारतात प्रामुख्याने विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत दिसत आला. तो आजार वेगळा, पण पायांच्या सगळ्याच विकारांना पुरुषाचा चेहरा मिळाला तो असा.

आकडे मात्र वेगळं सांगतात. २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१० साली सुमारे २० कोटी लोकांना हा आजार होता. श्रीमंत देशांत ४५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांतलं प्रमाण जवळजवळ सारखं, म्हणजे ५ टक्क्यांच्या थोडं वर. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्याच वयाच्या पुरुषांत ते २.८९ टक्के, तर स्त्रियांत ६.३१ टक्के. म्हणजे आपण ज्या भागातून आलो, त्या प्रकारच्या देशांत बायका मागे नाहीत, पुढेच आहेत.

"सिगारेट ओढता का?" "छे!"

माझ्या एका मैत्रिणीची आई साताऱ्याकडची. सत्तरीला आलेल्या, वीस वर्षं मधुमेह. लेकीकडे राहायला आल्यावर त्या ब्लॉकखालच्या बाकापर्यंत जाऊन बसत, पुढे जात नसत. पायाच्या अंगठ्याला लागलेलं महिनाभर बरं होईना, म्हणून एका दवाखान्यात नेलं. "सिगारेट ओढता का?" नाही. "चालताना पोटरी दुखते का?" नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. मलमपट्टी करून घरी पाठवलं.

पुढे दुसरीकडे पायाची तपासणी करणाऱ्या नर्सने पावलावर बोटं ठेवली, तर नाडी लागेना. मग मोजमाप झालं, शिरा खूपच अरुंद झालेल्या निघाल्या. बोट वाचलं, पण थोडक्यात. नंतर मैत्रिणीने शांतपणे दोनच गोष्टी विचारल्या. "आई, पूर्वी किती चालायचीस आणि आता किती?" आई म्हणाली, "पूर्वी बाजारापर्यंत. आता चालतच नाही, मग दुखेल कशाला?" आणि मशेरी? ती तर लग्नाआधीपासून, रोज सकाळी.

मशेरीचा प्रश्न आपल्याकडे खास महत्त्वाचा आहे. १९९० च्या दशकात मुंबईत ३५ वर्षांवरच्या जवळजवळ एक लाख लोकांची पाहणी झाली होती. त्यात ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या, आणि जवळपास सगळ्या बिनधुराची. मशेरी त्यात मोठ्या प्रमाणावर होती. धूर शिरांचं सर्वांत जास्त नुकसान करतो हे खरं, पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि ते मशेरीतही असतं. त्यातून आपल्या आया-मावश्यांना ती तंबाखू वाटतच नाही, दात घासायची पावडर वाटते. म्हणून प्रश्न असा हवा: "मशेरी लावता का? पूर्वी लावत होता का?"

बाईचं दुखणं वेगळं दिसतं

या आजाराच्या अनेक रुग्णांत पोटरीचं ठरावीक दुखणं नसतंच, आणि स्त्रियांत हे जास्त आढळतं. पाय जड वाटतात, थकतात, गळून जातात. बायका हळू चालू लागतात, अंतर कमी करतात, भाजी आणायचं काम दुसऱ्यावर सोपवतात. दुखण्याच्या आधीच थांबलं की दुखणं उरत नाही, आजार उरतो.

वर गुडघेदुखी आणि कंबरदुखी बायकांतच जास्त, त्यामुळे सगळं त्यांच्या खात्यावर जमा होतं. थोडा फरक लक्षात ठेवावा. गुडघ्याची झीज असेल तर उठता-बसताना, जिना उतरताना सांधा दुखतो. कण्यातली नस दबली असेल तर नुसतं उभं राहूनही दुखतं आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं. रक्त कमी पडत असेल तर जागच्या जागी उभं राहिलं तरी काही मिनिटांत दुखणं थांबतं. एकाच पायात दोन-तीन कारणं एकत्रही असतात, म्हणून निदान डॉक्टरांवरच सोडावं, पण ही माहिती त्यांना द्यावी.

पाळी गेल्यानंतर स्त्रियांचा धोका वाढत जातो. त्या उपचाराला येतात तेव्हा वय जास्त आणि आजार पुढे गेलेला असतो. त्यांच्या धमन्या मुळात बारीक, त्यामुळे शस्त्रक्रियेतल्या अडचणीही जास्त. शिकागोच्या डॉ. मेरी मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की हा आजार असलेल्या स्त्रियांची चालण्याची क्षमता पुरुषांपेक्षा लवकर घटते. २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने केवळ स्त्रियांमधल्या या आजाराकडे लक्ष द्या, असं आवाहन प्रसिद्ध केलं.

पुरुषांनीही निश्चिंत राहू नये. मधुमेहात पाय गमावणाऱ्यांत पुरुष जास्त असतात. त्यांचा आजार ओळखला जातो, दुर्लक्ष ते स्वतः करतात.

सिंगापूरमध्ये काय करता येईल?

इथल्या २०१० च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत मधुमेहाचं एकूण प्रमाण ११.३ टक्के होतं, भारतीय वंशाच्या लोकांत १७.२ टक्के, सर्वांत जास्त. २०१६ मध्ये सरकारने मधुमेहाविरुद्ध 'युद्ध' पुकारलं, त्यामागे पाय कापावे लागण्याचं इथलं मोठं प्रमाणही होतं. पॉलिक्लिनिकमध्ये मधुमेहींच्या पायांची तपासणी होते. मधुमेह असेल तर ती वर्षातून एकदा मागून घ्यावी.

शंका असेल तर 'अँकल-ब्रेकियल इंडेक्स' ही तपासणी होते. सुई नाही, दुखत नाही. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजायचा आणि भागाकार करायचा. दंडाला १५० आणि घोट्याला ९० असेल तर उत्तर ०.६. ०.९० किंवा त्याखाली म्हणजे धमन्या अरुंद. १.४० च्या वर आलं तरी खूश होऊ नये. जुन्या मधुमेहात शिरा कडक झाल्याने आकडा फसवतो, मग पायाच्या बोटाचा रक्तदाब बघतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मते लक्षणं नसली तरी ६५ च्या पुढे, आणि मधुमेह किंवा तंबाखू असेल तर पन्नाशीनंतर, ही तपासणी करणं योग्य ठरतं.

उपचारांत तंबाखू बंद करणं, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं, गरज पडल्यास अँजिओप्लास्टी किंवा बायपास. आणि चालणं! दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, निदान तीन महिने. पायाला जखम असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून. आपल्या ब्लॉकांना जोडणारे छत असलेले रस्ते आणि जागोजागचे बाक जणू यासाठीच केले आहेत. आईला बाकावर बसवून पुढे जाऊ नका, बाकापासून बाकापर्यंत तिच्याबरोबर चाला.

या दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या आधी तेल लावताना आईची, सासूबाईंची पावलं नीट बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे का? त्वचा चकचकीत झाली आहे का? बोटांच्या बेचक्यात, टाचेला जखम आहे का? बेचक्यात तेल राहू देऊ नका. मधुमेहात पावलं बधिर असतात, कढत पाणी कळत नाही, म्हणून आधी आपल्या कोपराने पाणी बघा. आणि तेल लावता लावता विचारा, "पूर्वी किती चालायचीस? आता किती चालतेस? का थांबतेस?"

तिघांपैकी एकाही उत्तराने शंका आली, तर भाऊबीज झाली की डॉक्टरांची वेळ घ्या. जखम दिसली तर भाऊबीजेचीही वाट बघू नका. शुभ दीपावली!