बॅकअपमध्ये काय घ्यायचं?

संगणक म्हातारा झाला की मुलं सांगतात, "बॅकअप घेऊन ठेव." पण कशाचा? मी आयुष्यभर नर्सिंग केलं. एकदम दहा पेशंट आले की कोण थांबू शकतो आणि कोण नाही, हे आम्ही आधी बघायचो. इथेही तेच करावं.

विंडोज, वर्ड, उतरवून घेतलेले सिनेमे पुन्हा मिळतात. त्यांच्यात जागा घालवू नका. पुन्हा न मिळणारं आधी घ्या: आजीच्या आवाजातली मराठी कीर्तनं, भारतातून आलेल्या पत्रांचे स्कॅन, नवगावच्या कबरस्तानातले फोटो, जुने वैद्यकीय कागद.

डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स तर घ्याच, पण डेस्कटॉप आणि डाउनलोड्सही बघा. निम्मा संसार तिथेच पडलेला असतो. व्हॉट्सअॅपवरचे फोटो फोनमध्ये असतात. ते संगणकावर उतरवले नाहीत तर संगणकाच्या बॅकअपमध्ये येणार नाहीत.

आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी नव्या संगणकावर उघडलं, तर भलतीच अक्षरं दिसू शकतात. म्हणून ते आत्ताच, नीट दिसतंय तोवर, पीडीएफ करून ठेवा.

एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की केबल काढा. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर जोडलेली डिस्कही जाते. दुसरी कॉपी घराबाहेर, दुसऱ्या गावातल्या मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवा. सायरन वाजला की आपण ममादमध्ये धावतो, तेव्हा डिस्क कोण उचलणार? गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात, तीही सोय चांगली. मात्र नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलेली फाईल दुसरीकडूनही जाते.

मग दुसऱ्या संगणकावर दोन-चार फाईली उघडून बघा. उघडल्या तरच बॅकअप झाला म्हणायचं.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: फोटोंना नावं द्या. कोण, कुठे, कुठल्या साली, हे हिब्रूतही लिहा, कारण नातवंडांना मराठी वाचता येत नाही. मागच्या रांगेतली ती नऊवारीतली बाई कोण, हे आज फक्त आपल्याच डोक्यात आहे. त्याची दुसरी कॉपी कुठेच नाही.