हे कशाचे चित्र आहे?



यंदाच्या आपल्या शाळेच्या चित्रकला प्रदर्शनात आठवीच्या एका मुलीने कागदभर गडद निळा रंग लावून कोपऱ्यात तांबड्या रंगाचा एक तुकडा ठेवला होता. "हे कशाचे चित्र आहे?" असे तिला इतक्या जणांनी विचारले की शेवटी तिने "रात्रीचा दिवा" असे सांगून टाकले. विचारणाऱ्यांचे समाधान झाले. "हे तर कोणीही काढील" असेही एक गृहस्थ म्हणाले. म्हणून हा लेख.

देवासचे कुमार गंधर्व आलाप घेत, तेव्हा त्यात शब्द नसत. तरी ऐकणाऱ्याचे डोळे भरून येत. हा कशाचा आलाप, असे कोणी विचारत नसे. अमूर्त चित्रात स्वरांचे काम रंग आणि आकार करतात.

रशियन चित्रकार कांदिन्स्की यांनी १९११ च्या सुमारास यावर पुस्तकच लिहिले. एकाच मापाची दोन वर्तुळे काढा, एक पिवळे, एक निळे. पिवळे बाहेर पसरते, आपल्याकडे येते. निळे आत आत जाते, असे ते म्हणतात. घरी करून पाहा. पिवळा टोकदार त्रिकोणात अधिक तीक्ष्ण वाटतो, निळा गोल आकारात अधिक खोल. आडवी रेघ निजलेली असते, तिरकी अस्वस्थ करते. मात्र रंगांचा शब्दकोश नसतो. पांढरा आपल्याकडे शोकाचा, युरोपात नवरीचा. शेजारी कोणता रंग, किती जागेत, यावर सारे ठरते.

आपल्याच प्रदेशातले सैयद हैदर रझा पाहा. जन्म १९२२, मंडला जिल्हा. वर्गात लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहायला बसवले. पुढे नागपूर, मुंबई करीत ते १९५० मध्ये पॅरिसला गेले. तो ठिपका जवळजवळ पन्नास वर्षांनी 'बिंदू' होऊन कॅनव्हासवर आला. भोवती तांबडे-पिवळे असेल तर तोच काळा बिंदू धगधगतो. पांढरे-राखाडी असेल तर शांत होतो. बिंदू एकच, भाव मात्र वेगळा!

नागपूरला जन्मलेले, मूळचे गोव्याचे वासुदेव गायतोंडे तर अनेकदा एकाच रंगाच्या छटांवर थांबत. रोलरने रंग पसरायचा, थर द्यायचा, थोडा काढायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रे होत. ते २००१ मध्ये गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. "कोणीही काढील" म्हणणाऱ्यांनी एकदा असा एक कागद रंगवून पाहावा. मी पाहिला आहे, चिखल होतो.

मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. तिथे चित्रकला म्हणजे पहाड, झोपडी आणि सूर्य. पुढल्या वर्षापासून आठवीचा चित्रकलेचा तास गणिताला द्यावा, अशी सूचना पालकसभेत आली आहे. निर्णय विश्वस्त मंडळाचा आहे. माझे मत वर आलेच आहे. बैठकीपूर्वी सभासदांनी वरच्या मजल्यावर लावलेली मुलांची चित्रे पाहून यावीत, ही विनंती.

– मुख्याध्यापक