डोक्यातला गडबडझाला

लखनौच्या अमीनाबादेत एक बाजार आहे, त्याचं नावच गडबडझाला! बांगड्या, टिकल्या, झुमके आणि नुसती गर्दी. लखनौ म्हणजे ‘पहले आप’चं गाव खरं, पण इथल्या बोळात समोरून दोन पिशव्या घेतलेल्या मावशी आल्या, की आपण भिंतीला पालीसारखं चिकटायचं.

तुमच्या डोक्यातही आत्ता असाच बाजार भरलाय. मानेतून चार मोठ्या धमन्या वर चढतात आणि मेंदूच्या तळाशी हातात हात घालून एक गोल चौक करतात. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1664 साली पुस्तकात त्याचं वर्णन केलं, म्हणून ते ‘विलिसचं वर्तुळ’. पुस्तकासाठी चित्रं काढून देणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता. पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल उभारलं, तोच हा!

चौकातून रस्ते फुटतात, रस्त्यांना बोळ. काही बोळ अर्ध्या मिलिमीटरचेसुद्धा नाहीत, बारीक शेवयांपेक्षा नाजूक. पण तेवढा एक तुंबला तरी हात-पाय लुळे पडू शकतात. म्हणून डॉक्टरांना ते बघायचे असतात. पण कवटी पडली बंद डबा!

लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी 1927 मध्ये मानेतल्या धमनीत क्ष-किरण अडवणारं औषध टोचलं आणि एक्स-रे काढला. मेंदूतल्या धमन्या फोटोत उमटल्या. पण मानेत सुई? नको रे बाबा!

आता एमआरआय यंत्र सुईशिवायही हे काम करतं. कसं? समजा, गडबडझाल्यात एक भोंगा लावलाय. तो सारखा ओरडतोय, ‘वर बघा, वर बघा!’ आणि छतावरून आपण फोटो काढतोय. दुकानदार एकदा बघतील, दोनदा बघतील, मग ‘ओरडू दे’ म्हणून बांगड्या मोजत बसतील. पण बाहेरून नुकताच आलेला माणूस? तो पटकन मान वर करणार. फोटोत त्याचाच चेहरा उजळ!

यंत्राचा भोंगा म्हणजे रेडिओलहरी. त्या डोक्याच्या एकाच पट्ट्याला पुन्हा पुन्हा हाका मारतात. तिथलं जागचं न हलणारं पाणी लवकरच दमतं आणि फोटोत काळपट दिसतं. खालून ताजं रक्त येतं, त्यातल्या पाण्याने ती हाक ऐकलेलीच नसते. ते लख्ख चमकतं! शरीरातलं पाणीच इथे शाईचं काम करतं, हे मला फार आवडतं.

पण बोळात माणसं रेंगाळतात. भाव करता करता तीही दहा वेळा भोंगा ऐकतात आणि कंटाळतात. बारीक धमन्यांत रक्त असंच हळू सरकतं, म्हणून अर्ध्या वाटेतच फोटोत पुसट होतं. त्यावर उपाय म्हणजे यंत्रातलं चुंबकच आणखी ताकदवान करायचं. 7 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप) चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा लाखपटीहून जोरदार असतं. त्यात दमलेले दुकानदार जास्त वेळ दमलेलेच राहतात, आणि नवा पाहुणा त्यांच्यात उठून दिसतो. शिवाय पाण्याकडून यंत्राला येणारा संदेशही मोठ्याने ऐकू येतो, त्यामुळे फोटोचे ठिपके बारीक घेता येतात.

फोटो निघेपर्यंत यंत्र धडाधड, टकटक असा गोंगाट करतं, म्हणून कानात बोळे घालायला देतात. (हे बोळे वेगळे हं!) आणि काही मिनिटं डोकं जरासुद्धा हलवायचं नाही, नाहीतर सगळा बाजार फोटोत पुसट होतो. नाक नेमकं तेव्हाच खाजतं.