एलएलएमचे पैसे वसूल होतात कुठे?

२० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली आणि ‘तोवर एलएलएम करून घे’ हा सल्ला पुन्हा सुरू झाला. हा सल्ला देणाऱ्यांनी जरा हिशेब मांडावा.

महाराष्ट्रात पंचविशीच्या आतल्या ताज्या पदवीधराला प्रॅक्टिसशिवाय याच पदाच्या, म्हणजे जेएमएफसीच्या (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) परीक्षेला बसता येत होतं. सगळ्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात आणि एलएलबीच्या किंवा एलएलएमच्या शेवटच्या वर्षाला ५५ टक्के, एवढं पुरे होतं. तिथे एलएलएमला थेट भाव होता. आता न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेलं काम अनुभवात धरलं जाईल, पण वर्गात बसणं म्हणजे प्रॅक्टिस नव्हे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठात एका वर्षाचं शुल्क, वसतिगृह, खाणावळ धरून दोन लाखांच्या पुढे जातं. विद्यापीठाच्या विभागात ते बरंच कमी, पण वर्षं दोन. बुडालेली कमाई मात्र फार नसते, कारण मुळात ज्युनिअरला मिळतं किती? बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन सुचवलं. ते बंधनकारक नाही, आणि तालुक्याच्या कोर्टात असा आकडा ऐकलेला ज्युनिअर शोधावा लागेल. बुडतं ते कामाचं वर्ष: उलटतपासणी ऐकण्याचं, दावा-कैफियत लिहिण्याचं, पक्षकार ओळखीचे होण्याचं.

मग ही पदवी पैसे देते कुणाला? न्यायाधीश होऊन बसलेल्याला! न्यायाधीशांच्या वेतनाबाबतच्या रेड्डी आयोगाच्या शिफारशी मान्य करताना जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एलएलएमसाठी तीन आगाऊ वेतनवाढी कायम ठेवल्या, पीएचडीला आणखी एक. सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये. तीन टक्क्यांच्या तीन वाढी म्हणजे महिन्याला सात हजारांहून जास्त, त्यावर महागाई भत्ता वेगळा. दूरशिक्षणाने घेतलेली पदवीही चालते. म्हणजे नोकरीत शिरल्यावर स्वस्तात केलेलं एलएलएम फळतं, आणि नोकरीच्या आशेने कर्ज काढून केलेलं फळेलच असं नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण कर्ज काढणारी मुलं बहुतेक पहिल्या पिढीतली वकील असतात. त्यांना हे सांगायला घरात कुणी नसतं.

दुसरी वाट अध्यापनाची. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, पण त्यासाठी एलएलएमच्या जोडीला नेट-सेट किंवा पीएचडी हवी आणि मुख्य म्हणजे मंजूर जागा हवी. विधी महाविद्यालयं बहुतांश विनाअनुदानित. तिथे आणि तासिका तत्त्वावर हातात येणारी रक्कम या आकड्याच्या जवळपासही जात नाही. त्यातच बार कौन्सिलने २०२० च्या नियमांत एक वर्षाचं एलएलएम बंद करायचं ठरवलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. ज्याने त्या वर्षासाठी पैसे भरले, त्याच्या पदवीवर ही टांगती तलवार कशासाठी?

ज्याला न्यायाधीशच व्हायचंय त्याने आधी वकिलीची सनद घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर तिचं शुल्क खुल्या गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे; त्याआधी काही राज्यांत हजारो रुपये मोजावे लागत. ज्याला विषयाचं वेड आहे, संविधान किंवा बौद्धिक संपदेत खोल उतरायचंय, त्याने एलएलएम जरूर करावं. आणि विद्यापीठांनी माहितीपत्रकात शुल्काच्या शेजारीच छापावं, की मागच्या पाच तुकड्यांतले किती जण आज कायम नोकरीत आहेत आणि किती पगारावर.