पाचवी साडी

हैदराबादेत काचीगुड्यातल्या एका जुन्या घराच्या कठड्यावर गोधडी वाळत होती. तिचा एक कोपरा उसवला होता. वरच्या निळ्या कापडाखालून हिरवा काठ डोकावत होता आणि हिरव्याच्याही खाली काहीतरी विटकरी होतं. ते विटकरी डोळ्यांपुढून जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन त्या घराची कडी वाजवली.

"ते माझ्या सासूबाईंचं लुगडं," घरच्या काकू म्हणाल्या. त्या मूळच्या परभणीकडच्या. लग्नानंतर मनमाडहून येणाऱ्या मीटरगेज गाडीनं काचीगुडा स्टेशनवर उतरल्या आणि इथल्याच झाल्या. "त्यांची गोधडी विरली, तेव्हा तिच्यावरच मी नवी घातली. आता हिच्यावर आणखी एक." या घरात जुनी गोधडी टाकत नाहीत. ती नवीच्या पोटात जाते.

सध्या मात्र नातीसाठी कोरी गोधडी घालायचं चाललं आहे. कोऱ्या गोधडीला पाच साड्या, हा काकूंचा हिशेब. चार जमल्यात. साड्या धुऊन, फॉल काढून, घडीवर घडी अंथरायच्या आणि चार कोपऱ्यांवर वरवंटा, खल आणि दोन तांबे ठेवायचे. मग लांब लांब कच्चे टाके.

यानंतरचं काम त्यांच्या दुसऱ्या एका गोधडीवर मी तासन्‌तास बघत बसले. काकूंचा डावा तळवा कापडाखाली असतो. सुईचं टोक आरपार आलं की ते बोटाला कळतं, डोळ्यांना नाही. त्या बोटाला घट्टा पडलाय. धावदोरा कडेनं सुरू होतो, चौकोनात फिरत फिरत आत सरकतो आणि मध्यावर येऊन थांबतो. दुपारभर चार बोटं रुंदीचं काम होतं.

पण टाक्यांच्याही आधी एक काम असतं, आणि माझ्या मते खरी कला त्यात आहे. नातीसाठी जमलेल्या चारांतली एक साडी गदवालची. गदवालचं अंग सुती आणि काठ रेशमी. अंग आधी विरतं, काठ तसाच झळकत राहतो. काकूंनी तो काठ काढून गोधडीच्या चहूबाजूंनी लावून पाहिला. पसंत पडला नाही. मग आतल्या बाजूनं, एक वीत सोडून लावला, आणि वरच्या निळ्या साडीला एकदम अंगण आल्यासारखं झालं. विरलेल्या दोन जागांवर नातीच्या तोकड्या झालेल्या फ्रॉकचे त्रिकोण बसले. कातरलेले बारके तुकडे डब्यात गेले. ते पुढच्या दुपट्याला.

दुपटं दोन पदरांचं, चौघडी चार पदरांची. आपल्याकडे नावातच मोजमाप आहे. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाई गोधडीला 'बोंत' म्हणतात, शेजारच्या आपा 'गुदडी', आणि बीदरकडची सून 'कौदी'. एका ओसरीवर एका वस्तूला चार भाषांत हाक मारतात, हे हैदराबादेतच व्हावं.

गोधडीसारखंच इतरही सहसा काही टाकत नसल्यानं या घराचा कचऱ्याचा डबा आठवड्यातून दोनदाच भरतो. साली-देठं कढीलिंबाच्या कुंडीत जातात, पिशव्या जुन्या पँटच्या. शहराचा कचरा तिकडे जवाहरनगरला डोंगर होऊन बसलाय, आणि तो कमी करायचा म्हणून हल्ली कितीतरी नव्या वस्तू विकत घ्यायला सांगतात. मला काकूंचा मार्ग जास्त खरा वाटतो. त्यात विकत घ्यायचं काही नाही, फक्त वेळ द्यायचा. हा वेळ बायकांनीच का द्यायचा, हा प्रश्न सुनेनं विचारलाच, आणि तो रास्त आहे. आता रविवारी मुलगाही सुई धरतो. त्याचे टाके मोठे पडतात. काकू उसवत नाहीत.

पाचवी साडी मात्र मिळेना. सुनेच्या साड्या पॉलिएस्टरच्या. त्यात टाका सरकतो, कापड घाम टिपत नाही, अंगाला माया लागत नाही. "पाच म्हणजे पाच," काकू म्हणाल्या. "चारांत ऊब नाही येत."

माझ्याकडे आईची एक सुती नारायणपेठी होती. आई गेल्यापासून कपाटात घडीतच. पुढच्या शनिवारी मी ती घेऊन गेले. काकूंनी पदर दोन बोटांत चोळून पाहिला, काठ उजेडाकडे धरला, मग पूर्ववत घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली.

"हिच्यात अजून जीव आहे गं," त्या म्हणाल्या. "आधी नेस. विरली की आण."