खुलताबादचा रिकामा मकबरा

जालन्याहून खुलताबाद साधारण 85 किलोमीटर. तिथे औरंगजेबाची कबर आहे, मलिक अंबरचा मकबरा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण जवळच, सुलीभंजनच्या परिसरात, तुर्की धाटणीचा आणखी एक मकबरा उभा आहे आणि त्यात कुणीच दफन नाही. तो बांधला गेला तुर्कस्तानचे शेवटचे खलिफा दुसरे अब्दुल मजीद यांच्यासाठी.

खलिफा म्हटले की आपल्याला खिलाफत चळवळ आणि अलीबंधू आठवतात. मला मात्र या गृहस्थांचे दुसरेच अंग मोह घालते. ते कसलेले चित्रकार होते. इस्लामला चित्रकलेचे वावडे आहे, असे मला सांगणारे बरेच भेटतात, त्यात आपलेही असतात आणि परकेही. त्यांना मी अब्दुल मजीद यांच्या 1915 च्या एका चित्राविषयी सांगतो. त्यात राजवाड्यातल्या स्त्रिया व्हायोलिन आणि पियानो वाजवीत आहेत, बाजूला बीथोवेनचा अर्धपुतळा आहे आणि लष्करी पोशाखातले स्वतः चित्रकार शांतपणे ऐकत बसले आहेत. दुसऱ्या एका चित्रात एक स्त्री हाती गटेचे पुस्तक घेऊन रेललेली आहे. जनानखाना म्हटला की युरोपच्या चित्रकारांना उघडी अंगे तेवढी सुचत. आतल्या माणसाने आतले चित्र काढले, ते हे असे! ही चित्रे 1918 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही गेली होती.

नोव्हेंबर 1922 मध्ये ते खलिफा झाले. मार्च 1924 मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने ते पदच रद्द करून त्यांना देशाबाहेर पाठवले. हैदराबादच्या निजामाने त्यांना दरमहा 300 पौंड सुरू केले. त्या तिजोरीत आमच्या मराठवाड्यातल्या कास्तकाराचा साराही होताच, हे कुणी सांगत नाही. 1931 मध्ये फ्रान्समधील नीस येथे त्यांची कन्या दुर्रेशेहवार यांचा विवाह निजामाचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी झाला आणि ती सोयरीक थेट आपल्या मुलखापर्यंत आली.

अब्दुल मजीद 1944 मध्ये पॅरिसमध्ये वारले. मायदेशी दफनाची परवानगी मिळाली नाही. पार्थिव दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत राहिले. दरम्यान 1948 मध्ये हैदराबाद संस्थानच संपले. अखेर 1954 मध्ये मदिनेत दफन झाले. बीथोवेनचे ते चित्र मात्र मायदेशीच, इस्तंबूलच्या चित्र व शिल्प संग्रहालयात आहे.